संजीवनीताईंचा सूचक

सिंगापूरच्या उत्तर टोकाला, सेम्बावांगच्या मराठी घरांत निशिकांत मयेकरचं नाव निघालं, की पाठोपाठ ‘भला माणूस’ हे शब्द ठरलेले. कुणाची आई भारतातून येणार असली की तिला विमानतळावरून आणायला निशिकांत, कुणाचं कपाट हलवायचं असलं तरी निशिकांत. वय सत्तावन्न, अंगाने आडवा, डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याची चकचकीत खूण. जहाजदुरुस्तीच्या एका लहानशा कंपनीत सुपरिंटेंडेंट. त्याने आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता, आणि कुणाला ‘नाही’ म्हटलेलंही. यातला दुसरा गुण आहे की अवगुण, हे त्याचं त्यालाही गेल्या वर्षीपर्यंत कळलेलं नव्हतं.

हातावरची खूण दोन हजार नऊची. तेव्हा तो बोटीवर सेकंड इंजिनिअर होता. सिंगापूरच्या बंदरात वाफेचा पाइप फुटला आणि हात सोलून निघाला. बोट आठवड्याभरात पुढे निघून गेली, निशिकांत वॉर्डात एकटा राहिला. बायको मीनल आणि सात वर्षांची जाई मालवणला. बोट गेल्यावर तिसऱ्या दिवशी एक बाई डबा घेऊन खाटेशी येऊन उभी राहिली. “मी संजीवनी राऊळ. तुझ्या राऊळसाहेबांची बायको.”

राऊळसाहेब निशिकांतचे पहिले चीफ इंजिनिअर. बोटीवरच हृदयविकाराने गेले होते, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. संजीवनीताई त्यानंतर सिंगापूर सोडून भारतात परत गेल्या नाहीत. इथल्या एका बालवाडीत शिकवत राहिल्या, आणि सुटीच्या दिवशी बंदरात अडकलेल्या, आजारी पडलेल्या खलाशांना भेटत राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याच्या वेळी जे कुणी आपल्यासाठी केलं नाही, ते आपण करावं, एवढंच. निशिकांतसाठी त्या एकोणीस दिवस आल्या. मऊभात, मुगाचं कढण, कधी सोलकढी. डाव्याच हाताने जेवायची सवय असलेल्या माणसाला त्यांनी उजव्या हाताने जेवायला शिकवलं. पुढे किनाऱ्यावरची नोकरीही त्यांच्याच ओळखीने लागली, आणि वर्षभरात मीनल-जाई इथे आल्या. निशिकांतला सख्खी बहीण नव्हती. भाऊबीज तेव्हापासून राऊळांच्या घरी.

अशा बाईचा सूचक व्हायला तो एका पायावर तयार झाला, यात नवल काय?

त्याचं असं झालं. इथल्या मराठी स्नेहवर्धक मंडळाचा अध्यक्ष वर्षानुवर्षं ईस्ट कोस्टकडचाच व्हायचा. उत्तरेकडच्या लोकांनी गेल्या वर्षी फारच कुरकुर केली, म्हणून नवा नियम आला. आधी प्रत्येक विभागाने आपापला एक उमेदवार निवडायचा, मग त्या चौघांतून ऑगस्टच्या सर्वसाधारण सभेत सगळ्या मंडळाने अध्यक्ष ठरवायचा. उत्तर विभागाची ही पहिली फेरी दीपेश टिळेकर नावाच्या गृहस्थांवर सोपवली होती. दीपेश अकरा वर्षं अमेरिकेत, आयोवात राहून आलेले. ते म्हणाले, “तिकडे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत पहिल्या फेरीला लोक शाळेच्या हॉलमध्ये जमतात. समोरासमोर वाद घालतात आणि ज्याला मत द्यायचं, त्याच्या बाजूला जाऊन सरळ उभे राहतात. चिठ्ठी नाही, पेटी नाही. आपणही तसंच करू.”

सगळ्यांना मजा वाटली. तोंडावर उभं राहून मत द्यायचं म्हणजे काय, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

संजीवनीताईंना उभं केलं ते निशिकांतने. त्या त्रेसष्ट वर्षांच्या. “अरे निशी, मला कशाला त्या खुर्चीत बसवतोस? मला भाषण येत नाही,” असं त्या म्हणत होत्या. पण मंडळाने खलाशांसाठी एक फोन नंबर ठेवावा, इस्पितळात जायला चार माणसं ठरवावीत, हे त्यांच्या मनात फार दिवस होतं. निशिकांतने अर्ज आणून दिला आणि ‘सूचक’ या रकान्यात ठसठशीत सही केली.

दुसरे उमेदवार प्रबोध साठे. बुओना व्हिस्टाला एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत डायरेक्टर, दोन वर्षांपूर्वी सेम्बावांग स्टेशनजवळच्या नव्या कॉन्डोत, म्हणजे खासगी सोसायटीत, राहायला आलेले. माणूस सज्जन, बोलायला गोड, कामाला वाघ. त्यांनी मुलांच्या मराठी वर्गाला जागा मिळवून दिली होती आणि गणपतीत कंपनीतर्फे मांडव घातला होता.

जून महिनाभर उत्तर विभागात दुसरा विषय नव्हता. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाऊच्या टपऱ्यांच्या एकाच छपराखाली, कोपीचे, इथल्या कॉफीचे, पेले समोर ठेवून वाद चालत.

“प्रबोधच पाहिजे. मंडळ काय भजनी मंडळ आहे? उच्चायुक्तालयात जाऊन बोलायला माणूस लागतो.”

“बोलायला सगळेच आहेत हो. आपल्याला हार्ट अटॅक आला तर डबा कोण आणणार?”

“डबा आणायला अध्यक्ष कशाला लागतो? त्या आणतातच की.”

“म्हणजे काम त्यांनी करायचं आणि हार यांच्या गळ्यात!”

निशिकांत अशा वेळी ताईंच्या बाजूने बोलायचा. हळू, पण बोलायचा. मग एका संध्याकाळी तो चालायला निघाला असताना प्रबोध सायकलवरून येताना दिसले. थांबले, हेल्मेट काढलं, चौकशी केली.

“जाईचं काय, निशिकांतराव? डिग्री झाली ना?”

“झाली. चार महिने अर्ज करतेय. हल्ली कठीण आहे म्हणतात.”

“सीव्ही पाठवा ना मला. सप्टेंबरमध्ये आमच्याकडे नव्या मुलांची बॅच घेतायत. मी पुढे देतो.”

एवढंच. मताचा विषय निघाला नाही. प्रबोध शीळ घालत निघून गेले. निशिकांतने त्याच रात्री जाईला न विचारता तिचा सीव्ही पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी हॉकर सेंटरमध्ये वाद सुरू झाला तेव्हा आपण गप्प बसलो आहोत, हे त्याचं त्यालाच उमगलं. कुणी तोंड बांधलं नव्हतं. आपल्या हाताने बांधून घेतलं होतं.

जुलैतल्या एका रविवारी दुपारी प्रबोधच्याच कॉन्डोतल्या हॉलमध्ये सभा भरली. दुसरी जागा फुकट मिळत नव्हती. बाहेर तलावात पोरं डुंबत होती, आत एसी, टेबलावर साबुदाणेवडे आणि ताक. अठरा वर्षांवरच्या प्रत्येक सभासदाला मत, त्यामुळे मयेकरांच्या घरातली तिन्ही मतं हजर होती. मीनलने ताईंसाठी मोगऱ्याचा गजरा आणला होता. जाई फोनमध्ये डोकं घालून मागे बसली होती.

प्रबोध आधी बोलले. पडद्यावर चित्रं दाखवत, मुद्देसूद. टाळ्या पडल्या. मग संजीवनीताई उठल्या. हातात एक दुमडलेला कागद, तो त्यांनी उघडलाच नाही.

“मला तीनच गोष्टी सांगायच्यात,” त्या म्हणाल्या, आणि दोनच सांगून खाली बसल्या. लोक हसले, पण मायेने. दोन-चार बायकांनी डोळे पुसले, कारण त्यातली दुसरी गोष्ट गुहागरच्या एका खलाशाची होती. पाय मोडलेला असताना त्याला सहा दिवस बोटीवरच पाडून ठेवलं होतं.

ती गोष्ट ताईंनी सांगायला नको होती, असं निशिकांतला वाटलं. कारण प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि सगळ्यात आधी प्रताप देवधर उठले. प्रताप प्रबोधचे शेजारी, त्यांचे कट्टर समर्थक.

“ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण याच प्रकरणात तुम्ही शिपिंग एजंटला मंडळाच्या लेटरहेडवर पत्र पाठवलंत. मंडळाची परवानगी नव्हती. एजंटने तक्रार केली, मंडळाला लेखी माफी मागावी लागली. खरं ना?”

“खरं.”

“लेटरहेड तुमच्याकडे आलं कुठून? तुम्ही तर कमिटीवर नव्हता.”

बाहेर पाण्यात कुणीतरी धपकन उडी मारली, तेवढाच आवाज आला.

लेटरहेड कुठून आलं, हे त्या हॉलमध्ये दोनच माणसांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी निशिकांत मंडळाचा सहचिटणीस होता, अजूनही होता. लेटरहेडचं पाकीट त्याच्या घरी, टीव्हीखालच्या खणात. त्या दिवशी ताई घाईघाईने आल्या होत्या. “निशी, साध्या कागदाला तो एजंट भीक घालत नाही रे.” आणि निशिकांतने स्वतः खण उघडला होता, स्वतः इंग्रजीत पत्र टाइप केलं होतं. फक्त सहीची वेळ आली तेव्हा म्हणाला होता, “ताई, सही तुम्ही करा. आमच्या कंपनीची कामं याच एजंटकडून येतात. माझं नाव नको.” ताईंनी हसून सही ठोकली होती. “माझं काय जातंय?” पत्र गेलं आणि तीन तासांत त्या खलाशाला लाँचमधून किनाऱ्यावर आणलं. पुढे कमिटीत चौकशी झाली तेव्हा निशिकांत गप्प बसला. ताईही बोलल्या नाहीत. तेव्हा ते दोघांतलं ठरल्यासारखं होतं.

आता ताईंनी एकदाच त्याच्याकडे पाहिलं. क्षणभर. सांग असंही त्या नजरेत नव्हतं, सांगू नकोस असंही नव्हतं. नुसतं पाहिलं आणि मान वळवली.

“माझ्याकडे होतं,” त्या म्हणाल्या. “वापरलं मी. सही माझी आहे.”

“म्हणजे उचललंत?” मागून कुणीतरी म्हणालं. कुजबुज झाली. प्रतापनाही तो शब्द बोचला असावा, ते म्हणाले, “तसं नाही म्हणायचं मला, पण नियम म्हणून...” आणि बसले. पण शब्द पडायचा तो पडला होता. त्रेसष्ट वर्षांची बाई चारचौघांत उभी होती आणि तिच्यावर चोरीचा आळ हवेत लोंबकळत होता.

दीपेशनी कागद पाहिला. “नियमाप्रमाणे सूचकाला शेवटी दोन मिनिटं आहेत. निशिकांत, बोला.”

निशिकांत उठला. चाळीस तोंडं वळली. एक वाक्य पुरे होतं, ‘लेटरहेड मी दिलं.’ ते जिभेच्या टोकावर आलं होतं, हे तो आजही शपथेवर सांगतो. पण त्याच वेळी त्याला समोरच्या रांगेत प्रबोध दिसले, एजंटच्या ऑफिसमधला, कंपनीला कामं देणारा करडा मॅनेजर डोळ्यांपुढे आला, जाईची सप्टेंबरची बॅच आठवली. तो म्हणाला,

“ताईंनी सगळं सांगितलंच आहे. मला वेगळं काही बोलायचं नाही.”

आणि तो खाली बसला. एक मिनिट पन्नास सेकंद शिल्लक होती.

मग उभं राहायची वेळ आली. दीपेश म्हणाले, “साठेंचे समर्थक खिडकीकडे, राऊळताईंचे दाराकडे. चला.” खुर्च्या सरकल्या. मीनल ताडकन उठली आणि गजरा हातात घेऊन दाराकडे चालायला लागली. नवरा मागे आहेच, हे तिने गृहीत धरलं होतं. निशिकांत उठला खरा, पण वड्यांच्या टेबलाशी थबकला. कागदी बशी उचलली, परत ठेवली. इथेच उभं राहावं, मोजणी होईपर्यंत, असं त्याला वाटलं.

“मधे कुणी थांबू नका हो,” दीपेश ओरडले. “मधली माणसं मोजत नाहीत.”

“या निशिकांतराव, इकडे जागा आहे,” प्रबोध सहज म्हणाले आणि अंग चोरून थोडे सरकले.

पाय तिकडे गेले. नेले, की गेले, याचा निवाडा निशिकांतने पुढे कितीतरी रात्री केला, आणि दर वेळी उत्तर एकच आलं. खिडकीशी पोचून तो वळला. समोर, हॉलच्या दुसऱ्या टोकाला, मीनल मागे वळून त्याला शोधत होती. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग तिची नजर पलीकडे आली आणि तिथेच थिजली. तिच्या शेजारी जाई. जाईचा फोन खिशात होता. ती बापाकडे टक लावून पाहत होती, ओळख पटत नसल्यासारखी. संजीवनीताईंनी पाहिलं की नाही, ते त्याला कळलं नाही, कारण त्याने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

मोजणी झाली. साठे तेवीस, राऊळ सोळा. निशिकांत इकडे असता की तिकडे, निकाल तोच लागला असता. हा हिशेब त्याने तिथल्या तिथे केला, मनाला जरा बरं वाटेल म्हणून. वाटलं उलटंच. ज्याची गरजही नव्हती ते आपण करून बसलो.

घरी परतताना लिफ्टमध्ये मोगऱ्याचा वास भरून राहिला होता. गजरा मीनलच्या हातातच राहून गेला होता. दार लावल्यावर जाई म्हणाली,

“बाबा, व्हाय?”

“तुला नाही कळायचं.”

“ट्राय मी.”

मीनल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. निशिकांतला वाटलं, खरं सांगितलं तर निदान पोरगी तरी समजून घेईल. “तुझ्यासाठी केलं. साठेंच्या कंपनीत तुझा सीव्ही दिलाय मी.”

“डोन्ट पुट इट ऑन मी, बाबा. मी सांगितलं होतं का? तुम्ही मला विचारलं पण नाही.” ती इथल्या शाळेत शिकलेली, रागावली की मराठी-इंग्रजीची सरमिसळ व्हायची आणि वाक्याच्या शेवटी इथला ‘लाह’ लागायचा. “आजी हॉस्पिटलमधे होती, तुम्ही दोघं तिच्याकडे, तेव्हा ताईआत्याच माझ्याजवळ झोपायला आली ना? नॉट साठे अंकल. सो शेमफुल, लाह... आय डोन्ट इव्हन नो व्हॉट टु से.” तिने तिथल्या तिथे साठेंच्या कंपनीला मेल लिहिली, अर्ज मागे घेतला आणि फोन बापासमोर धरला. “वाचा.”

निशिकांतने वाचलं. इंग्रजी स्वच्छ होतं, दोन ओळींचं.

मीनलने विचारलं, “लेटरहेड आपल्याच खणातलं होतं ना?” त्याने मान हलवली. “मग ती बाई एकटी उभी होती तिथे, आणि तुम्ही...” त्या घरात पुढचे चार दिवस जेवणं वेळेवर झाली, कपडे वेळेवर वाळले आणि कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी निशिकांत कामावरून परस्पर ताईंच्या ब्लॉककडे गेला. लिफ्टच्या दारातून दोनदा मागे फिरला. शेवटी बेल वाजवली. ताईंनी जाळीचं दार उघडलं.

“या. बसा.”

बस्स. सोळा वर्षं ती बाई त्याला ‘ये रे निशी’ म्हणत आली होती. ‘या, बसा’ ऐकलं आणि शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्याला झालं. त्यांनी पाणी दिलं, मीनलची चौकशी केली, चहा घेणार का विचारलं. सगळं अहो-जाहो. जेवणाच्या टेबलावर एक पिशवी भरायला काढली होती: टी-शर्ट, दाढीचं सामान, सिमकार्ड. कुणीतरी खलाशी इस्पितळात असणार.

“ताई, चुकलं माझं,” तो म्हणाला. “त्या दिवशी सांगायला हवं होतं. मी दिलं होतं लेटरहेड, मी लिहिलं होतं पत्र. आणि नंतर मी तिकडे जाऊन...” हातातला पेला त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवला.

ताई टी-शर्टची घडी घालत होत्या. घडी पुरी करून म्हणाल्या, “मला कशाला सांगताय? मला तर माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही, त्यांना सांगा.”

“तुम्ही रागावलात.”

“राग मताचा नाही. मत कुणालाही द्यावं, प्रबोध चांगला माणूस आहे. पण तो शब्द मागून आला, ‘उचललंत’, तेव्हा मला वाटलं, आता हा उठेल.” त्यांनी सिमकार्ड उचललं. “उठलातसुद्धा.”

एवढं बोलून त्या पिशवी भरू लागल्या. निशिकांतने त्या दिवशी चहा घेतला नाही.

कबुली लिहायला त्याला आणखी नऊ दिवस लागले. भलेपणाची सवय अशी सुटत नाही. पहिल्या मसुद्यात त्याने लिहिलं, ‘काही गैरसमज झाले आहेत.’ दुसऱ्यात, ‘तेव्हाची परिस्थिती लक्षात घेता...’ तिसरा मीनलने वाचला आणि फोन परत दिला. “छान आहे. पण यात तुम्ही कुठे आहात?” चवथ्या वेळी जाई सोफ्यावर येऊन बसली. फोनवर चालणाऱ्या त्याच्या अंगठ्यांकडे पाहत राहिली. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास उत्तर विभागाच्या ग्रुपवर संदेश गेला:

‘दोन वर्षांपूर्वीचं ते पत्र मी लिहिलं होतं. लेटरहेड माझ्या घरातून मी दिलं. संजीवनीताईंनी ते उचललेलं नाही. सभेत मला हे सांगायला वेळ दिला होता, मी सांगितलं नाही, कारण मला माझ्या कामाची आणि मुलीच्या नोकरीची भीती वाटली. साठेंनी माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. मला लाज वाटते. निशिकांत मयेकर.’

आभाळ कोसळेल, अशी त्याची तयारी होती. दोन जोडलेले हात आले. एक अंगठा आला. मग कुणीतरी ढोल-ताशाच्या सरावाची वेळ टाकली आणि ग्रुप त्या चर्चेत पुढे वाहत गेला. प्रतापचा फोन आला, “कशाला उकरून काढलंत हो? झालं गेलं.” आणि मग, फोन ठेवता ठेवता, “मी ताईंना भेटून येतो.” ते खरंच जाऊन आले.

प्रबोधनी फोन केला नाही, दारात येऊन उभे राहिले. आत यायला तयार होईनात. “तुम्ही ते तेव्हाच म्हणायला हवं होतं, निशिकांतराव. त्या आळामुळे माझ्याकडे किती जण आले कोण जाणे, आणि मला वाटलं मी सरळ जिंकलो.” ते ताईंकडेही गेले होते, माघार घेऊ का विचारायला. ताईंनी नको म्हटलं. लोक उभे राहिले, मोजले गेले, आता ते पुसता येत नाही, असं त्या म्हणाल्या. जाताना ते म्हणाले, “जाईने अर्ज मागे घेतला, कळलं. हुशार मुलगी आहे.” निशिकांतला वर मान करवली नाही.

ज्या एजंटच्या मॅनेजरला तो दोन वर्षं भीत होता, त्याचं काय झालं, हे त्याने आता धीर करून ऑफिसात विचारलं. तो मॅनेजर वर्षापूर्वीच दुबईला निघून गेला होता. जागी आलेल्या माणसाला पत्र-बित्र काही ठाऊक नव्हतं. कमिटीने मात्र निशिकांतला सहचिटणीसपदावरून दूर केलं. रीतसर ठराव झाला, त्यानेही त्याच्या बाजूने हात वर केला. आणि ऑगस्टमध्ये प्रबोध साठे काही अध्यक्ष झाले नाहीत. पुन्हा ईस्ट कोस्टच्याच मधुवंती नेने निवडून आल्या, मोठ्या फरकाने.

जाईला नोव्हेंबरमध्ये नोकरी लागली, एका लॉजिस्टिक्स कंपनीत. तिची तिने शोधली. पहिल्या दिवशी ती निघताना निशिकांत दारापर्यंत गेला. ती म्हणाली, “बाबा, इट्स ओके लाह, जा आत.” ओके कशाबद्दल, ते त्याने विचारलं नाही.

डिसेंबरात त्याने ताईंना फोन करून विचारलं, इस्पितळात जाताना मला न्याल का? त्या म्हणाल्या, गाडी आहे तुमच्याकडे, उपयोग होईल. मग दर पंधरवड्याला एका शनिवारी तो त्यांना न्यायला लागला. गाडीत बोलणं फारसं होत नाही. सामान तो उचलतो, फॉर्म तो भरतो. बंदराच्या ऑफिसात नाव विचारलं, की आपलंच नाव सांगतो आणि आपलीच सही करतो.

गेल्या महिन्यात वेंगुर्ल्याचा एक पन्नाशीचा जहाजावरचा आचारी वॉर्डात होता, पोटाचं ऑपरेशन झालेला. ताई त्याला घरच्यांशी फोन जोडून देत होत्या, निशिकांत उशी सारखी करत होता. आचाऱ्याने कौतुकाने विचारलं, “ताई, हे तुमचे भाऊ काय?”

ताईंनी फोनवरून नजर न काढता सांगितलं, “नाही, ओळखीचे आहेत. चांगली मदत करतात.”

निशिकांतने उशी नीट बसवली. मग पाण्याचा जग रिकामा दिसला, तो घेऊन तो नळाकडे गेला.